फोन चालू ठेवूनच एफडी मोडायला येतात : फसवे कॉल, ईमेल आणि एपीके

काउंटर_तीन

मी बँकेत आहे, ठेवींच्या काउंटरवर बसते. शाखेचं नाव-गाव सांगत नाही. हल्ली एक प्रकार इतका वाढलाय की म्हटलं धागाच काढावा.

सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, आमचे जुने खातेदार. एरवी पासबुक भरायला आले तरी गप्पा मारल्याशिवाय जात नाहीत. त्या दिवशी साधा नमस्कारही नाही. एफडीच्या पावत्या समोर ठेवल्या आणि म्हणाले, "मोडायच्यात. सगळी रक्कम आरटीजीएस करायचीय." मोबाइल शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेरच्या बाजूला, एका कानात वायर. "काका, एवढी घाई कशाला? व्याज बुडेल," म्हटलं, तर "मुलाच्या फ्लॅटसाठी" असं पाठ केल्यासारखं उत्तर. पैसे जायचे होते परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात. फ्लॅट ट्रेडिंग कंपनीकडून कोण घेतं?

पलीकडचा ऐकतोय हे कळत होतं, म्हणून तोंडाने काहीच विचारलं नाही. स्लिपच्या मागच्या बाजूला "फोनवर पोलीस आहेत का?" असं लिहिलं आणि "इथे सही करा" म्हणत पेन पुढे केलं. त्यांनी खाली लिहिलं, "हो. सीबीआय."

साहेबांनी येऊन तो फोन बंद केला. तरी काकांची समजूत पटेना. उलट आमच्यावरच चिडले, "आता तुम्हालाही आत टाकतील!" आदल्या संध्याकाळपासून ते कॅमेऱ्यासमोर बसून होते. काकू शेजारच्या खोलीत, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही.

कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडले, आधार कार्डावर कुणी सिम घेतलं, मनी लाँडरिंगमध्ये नाव आलं. गोष्ट दर वेळी नवी असते. पण दोन हुकूम कधी बदलत नाहीत: फोन ठेवायचा नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. हे दोन्ही एकाच माणसाने सांगितले की तो भामटा, मग त्याच्या अंगावर खाकी असो नाहीतर काळा कोट. फसवणुकीचे प्रकार पाठ करत बसण्यात मला अर्थ वाटत नाही, उद्या नवा येईल. फोन ठेवायची सवय मात्र लावता येते, आणि आपल्या पिढीला ती नाही. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, असंच आपल्यावर बिंबवलंय.

व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याचं भासवून माणसाला असं डांबण्याला "डिजिटल अरेस्ट" म्हणतात. कायद्यात असं काही नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये हे स्वतः सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोलिसांना हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही. नोटीस जिथे चालत नाही तिथे अटक कुठून चालणार?

तुमचे अनुभव लिहा. फॉरवर्ड नकोत.

खडूस_काका

कटू वाटेल पण लिहितो. इतकी वर्षं पेपरात बातम्या येतायत, मध्यंतरी दर कॉलच्या आधी बच्चनसाहेब कानात ओरडत होते. तरी लोक फसतात म्हणजे कुठेतरी लोभ नाहीतर पापभय. कर नाही त्याला डर कशाला?

काउंटर_तीन

काका, शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये पैसे घालणाऱ्यांबद्दल हे एक वेळ मान्य करीन. डिजिटल अरेस्टला लोभ लागत नाही, भीती पुरते. वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांचं प्रकरण आठवा. लुधियानाचे बडे उद्योगपती, पद्मभूषण, वय ८२. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून कुणीतरी बोलला, आणि सात कोटी गेले. हाताखाली वकिलांची फौज असलेला माणूस! त्यांनी लवकर तक्रार केली म्हणून त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले. लाजेपोटी गप्प बसणाऱ्यांचं काय होतं ते मी काउंटरवर बघते.

आणि "कर नाही त्याला डर" हे वाक्यच ते वापरतात हो. "तुम्ही निर्दोष आहात ना, मग पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, क्लीन चिट मिळाली की परत." आमच्या काकांना हेच सांगितलं होतं. निर्दोष माणूसच यात चटकन अडकतो. गुन्हेगार पहिल्या मिनिटाला वकिलाला फोन लावेल.

खडूस_काका

हं. शेवटचं वाक्य पटलं.

गोदाकाठ

आमच्याकडे फोनचा त्रास कमी, एपीकेचा जास्त. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाच्या नंबरावरून "आरटीओ चलन" नावाची फाइल पडली. खाली मजकूर: तुमच्या वाहनाने सिग्नल तोडला, दंड भरा. दोघांनी उघडली, कारण पाठवणारा घरचा! प्रत्यक्षात त्याचाच फोन आधी गेला होता आणि त्याच्या नकळत सगळ्या ग्रुपांवर ती फाइल फिरत होती.

लग्नसराईत "लग्नपत्रिका" येते, हप्त्याच्या वेळी "पीएम किसान" येते. पत्रिका पीडीएफ असते नाहीतर फोटो असतो. पत्रिकेचं ॲप कशाला असेल? फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की ती कागदाची फाइल नाही, ते फोनमध्ये घुसणारं ॲप आहे. उघडायला गेलं की फोन आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही, ते आपलं आपण वाचून घेतं.

दोघांपैकी एकाच्या खात्यातून पैसे गेले. दुसऱ्याचं खातं त्या फोनशी जोडलेलंच नव्हतं, म्हणून वाचला.

ठेचा_भाकर

उघडली तर पुढे काय करायचं? हे कुणी लिहीत नाही.

गोदाकाठ

आम्ही केलं ते असं. आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय थांबवलं. पैसे गेलेत म्हटल्यावर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, आपल्या फोनवर बदलले तर तेही वाचले जातील. शेवटी फोन पूर्ण रीसेट. वहिनीचे लेकीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, त्यावरून अजून बोलणी खातोय.

सातारी_सून

यात एक भर. कुणी स्टार-हॅशवाला नंबर डायल करायला सांगितला तर करू नका. "पार्सल कन्फर्म करायला स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर लावा" असं सांगायचे, त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळायचे आणि कॉलवर येणारा ओटीपी त्यांना ऐकू जायचा. दूरसंचार खात्याने एप्रिल २०२४ पासून ही सोय थांबवायला सांगितली होती, पण शंका असेल तर ##००२# लावून सगळं फॉरवर्डिंग रद्द करून टाकावं.

फ्यूज_गेला

मी वीजवितरणाच्या कामातला. "मागील महिन्याचे बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा" हा मेसेज आजही फिरतो. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. अहो, थकबाकी असली तरी रात्री साडेनऊला वीज तोडायला कोण येतंय? आमची माणसं त्या वेळी जोडायला मिळेनात!

महावितरणचे मेसेज कुणाच्या खाजगी मोबाइलवरून येत नाहीत. तुमचा ग्राहक क्रमांक त्यात आहे का बघा. शंका वाटली तर वीज तक्रारींच्या १९१२ नंबरला विचारा. तो "अधिकारी" तुम्हाला दहा रुपये भरायला सांगतो आणि त्यासाठी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो. मग तुम्ही पिन दाबता तो त्याला तिकडे दिसतो. दहा रुपये म्हणून माणूस गाफील राहतो.

तुळशीबाग

+१. असंच कस्टमर केअरचं. गूगलवर नंबर शोधला की पहिलाच नंबर कधी कधी भामट्याचा असतो. ह्यात फोन आपणच केलेला असतो, त्यामुळे संशय येत नाही. नंबर कार्डाच्या मागचा, बिलावरचा किंवा ॲपमधला घ्यावा.

इनबॉक्स_शून्य

धाग्याच्या नावात ईमेल आहे आणि अजून कुणी त्यावर बोललं नाही. मी एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

मेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे ठळक नाव दिसतं ते कुणीही काहीही लिहू शकतो. "आयकर विभाग" असं नाव लावायला परवानगी लागत नाही. त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो, तो बघायचा. मोबाइलवर तो लपलेला असतो, म्हणून मोबाइलवर जास्त लोक फसतात.

पत्ता आणि लिंक वाचायची रीत: सुरुवातीचं "https://" सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा (ती नसेल तर पत्त्याचा शेवट) आणि तिथून डावीकडे उलटं वाचत जा. समजा "माझीबँक.बँक.इन" हा खरा पत्ता. आता "माझीबँक.बँक.इन.केवायसी-अपडेट.टॉप" हा बघा. सुरुवातीला बँकेचं नाव आहे, पण मालक शेवटी बसलाय: "केवायसी-अपडेट.टॉप". पुढचं सगळं त्याने रंगवलेली पाटी. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत "बँक.इन" या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट बँकांनाच मिळतो, त्यामुळे आता बँकेची साइट ओळखणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. सरकारी साइटचा शेवट "गव्ह.इन". लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी आणि गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटच्या वेळी खोट्या साइट निघाल्या होत्या, त्यांची नावं हुबेहूब, शेवट वेगळा.

परताव्याचा मेल: "तुमचा रिफंड मंजूर, खात्याचा तपशील भरा." रिफंड विवरणपत्रात दिलेल्या, आधीच पडताळलेल्या खात्यातच येतो. मेलमधून कुणी खातं विचारत नाही. पोर्टलवर स्वतः जाऊन बघा, मेलमधल्या लिंकवरून नको.

आणखी एक मेल येतो, त्याने बऱ्याच जणांची झोप उडते. "मी तुझा कॅमेरा हॅक केलाय, तू काय बघत होतास त्याचा व्हिडिओ आहे, बिटकॉइन पाठव." पुरावा म्हणून तुमचा एखादा पासवर्ड दिलेला असतो आणि तो खरा असतो! कुठल्यातरी जुन्या वेबसाइटची यादी फुटलेली असते, त्यातला तो. व्हिडिओ वगैरे काही नसतं, तोच मजकूर लाखो लोकांना गेलेला असतो. "हॅव आय बीन पोन्ड" ही साइट २०१३ पासून चालू आहे, तिथे आपला ईमेल पत्ता टाकला की तो कुठल्या फुटलेल्या यादीत आहे ते कळतं. तो पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर बदला, मेल डिलीट करा, उत्तर देऊ नका.

नोकरदारांसाठी: साहेबांच्या नावाने "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव" असा मेल आला की धागाकर्तीने सांगितलेला दुसरा हुकूम आठवा, कुणाला सांगायचं नाही. फोन करू नकोस म्हणजे कुणाला विचारू नकोस. तेच ते.

आत्या_एडिसनहून

गिफ्ट कार्डावरून लिहिते. इथे न्यू जर्सीत आमच्याकडे "आयआरएसमधून बोलतोय, कर थकलाय, पोलीस निघालेत" असे फोन यायचे. पैसे मागायचे आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डात. अमेरिकन सरकार कर गाण्यांच्या कार्डात कशाला घेईल, पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा कळलं, फोन करणारी पोरं आपलीच. खोटी अमेरिकन नावं आणि घोटून घेतलेले उच्चार. मराठी मंडळात तेव्हा आम्हाला मान खाली घालावी लागली होती.

गोदाकाठ

आत्या, आता त्याची दुसरी बाजूही आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून असे फोन करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेच्या वर भारतीयांना तिकडून परत आणलं. फोन करणारा प्रत्येक जण खुशीने करतोय असं नाही.

खडूस_काका

म्हणून काय त्याला पिन सांगू?

गोदाकाठ

नाही हो काका! पाचशेंची गोष्ट एजंटकडे निघालेल्या पोरांसाठी लिहिली.

किराणा_भुसार

माझी तक्रार वेगळी आहे. मी फसलो नाही, कुणाला फसवलं नाही, तरी खातं गोठलं. गिऱ्हाइकाने काजू-बदाम घेतले, क्यूआरवर पैसे दिले. ते पैसे म्हणे तिसऱ्याच राज्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे. आठवड्याभराने घाऊक व्यापाऱ्याचा चेक परत आला तेव्हा मला कळलं. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलीस ठाणं हजार किलोमीटरवर, फोन उचलत नाही.

काउंटर_तीन

दादा, हा खरंच अन्याय आहे आणि तो रोज होतोय. १९३० वर तक्रार आली की पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले ती सगळी साखळी थांबवतात. त्यात दुकानदार भरडले जातात. बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्याचं सायबर ठाणं, वादातली रक्कम नेमकी किती. मग त्या ठाण्याला ईमेलवर बिल, जीएसटी नोंद, क्यूआरचा व्यवहार क्रमांक जोडून पाठवा आणि प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला. मागणी अशी करा की पूर्ण खातं मोकळं करून फक्त वादातली रक्कम अडवून ठेवा. एवढं बऱ्याचदा लवकर होतं. दाद नाही मिळाली तर उच्च न्यायालय, तिथे अशा याचिका होतायत.

किराणा_भुसार

लेखी मागायचं सुचलं नव्हतं. उद्या जातो.

ठेचा_भाकर

१९३० ला फोन केल्यावर काय विचारतात? आणि पैसे खरंच परत येतात?

काउंटर_तीन

बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. तो एसएमएसमध्ये किंवा ॲपच्या इतिहासात मिळतो, हाताशी ठेवा. पोलीस ठाण्यात जायची वाट बघू नका, आधी फोन. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तासाभरात चार-पाच खात्यांत फुटतात आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतात. मधे कुठे अडवले गेले तरच परत यायची आशा. १९३० लागला नाही तर सायबरक्राइम.गव्ह.इन वर स्वतः तक्रार टाका. अडलेले पैसे परत मिळायला बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, वेळ जातो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी गेले. आदल्या वर्षी ७,४६५ कोटी होते.

बँकेला सांगायला उशीर करू नका याला दुसरंही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर तोशीस नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेची माणसं हे आपणहून सांगत नाहीत. मी बँकेचीच, म्हणून सांगते.

सातारी_सून

फसवणूक सोडा, मला कर्ज देणाऱ्या बायांनी वैताग आणलाय. स्वयंपाक चालू असताना "मॅम, प्री-अप्रूव्ह्ड लोन".

इनबॉक्स_शून्य

ताई, १९०९ ला फोन करून किंवा इंग्रजीत "स्टार्ट ०" असा एसएमएस पाठवून सगळ्या जाहिराती बंद करता येतात. दूरसंचार नियामक ट्रायचं डीएनडी (नको असलेले कॉल बंद करायचं) ॲपही आहे. नोंदणीकृत जाहिरातवाल्यांचे कॉल १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणं नियमाबाहेर, त्याची तक्रार सात दिवसांच्या आत करा, त्यासाठी डीएनडी नोंदलेलं असण्याचीही अट नाही. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची वेगळी मालिका दिली आहे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटीही आता अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी.

ट्रूकॉलरवर "सीबीआय मुंबई" दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. ते नाव लोकांनीच भरलेलं असतं, भामट्यांनीसुद्धा.

तुळशीबाग

१६०० वरून आला तर ओटीपी सांगायचा का मग?

काउंटर_तीन

नाही! कुठल्याही नंबरावरून नाही. मी स्वतः फोन केला तरी मला सांगू नका.

ठेचा_भाकर

धागा वाचून दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. चार दिसतायत. माझं, बायकोचं, वडिलांचं, आणि चौथं कुणाचं कुणास ठाऊक. शेवटचे आकडे ओळखीचे नाहीत.

इनबॉक्स_शून्य

आधी घरात विचार, जुन्या डोंगलचं किंवा गाडीच्या जीपीएसचं सिम नाही ना? नसेल तर त्या नंबरापुढे "नॉट माय नंबर" निवडून रिपोर्ट कर. स्वतःचंच पण बंद पडलेलं असेल तर "नॉट रिक्वायर्ड". घाईत वडिलांच्या नंबरावर टिक करू नकोस.

ठेचा_भाकर

वडिलांना विचारलं, डोंगल नाही. रिपोर्ट केलं, रेफरन्स क्रमांक आला. पुढे काय झालं ते इथेच लिहितो.